मुर्री वगळून

“मुर्रीही काढली?” हेमेंद्रनं कागद पुन्हा वाचला. “अन् दरेकसा ठेवलं. सासरचं गाव राहिलं, माहेरचं गेलं.”

प्रेरणानं नुसती मान हलवली. तिच्या ओठांत पेन्सिल होती. ती तशीच धरून प्रेरणा नवऱ्याच्या कवितेची एकेक ओळ पुटपुटत होती आणि अडखळली की तो शब्द हातातल्या पेननं खोडत होती.

उद्या त्याच्या बहिणीचं, अंजूचं लग्न होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकांनंतर वडील, ईश्वरदास, स्वतः रचलेल्या चार ओळी म्हणत. आजारपणानंतर त्यांनी बोलणंच सोडलं होतं. पाहुणे आले की तोंडाला गमछा लावून बसत. म्हणून या वेळी हेमेंद्रनं लिहिलं होतं. प्रेरणा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तपासून देते म्हणाली, आणि हे असं झालं.

तिनं शांतपणे समजावलं. ओळीत आठ अक्षरं आहेत, ती मोडायची नाहीत. दुसरी आणि चौथी ओळ ‘र’वर संपते, तेही ठेवायचं. पण माय, माया, माहेर, मुर्री... ‘म’ फार झाला.

“तोच तर गोडवा हाय.”

“गोड आहे. पण म्हणायला जड जातो.”

मग ‘बाप’ही खोडला गेला. आता मात्र तो चिडला.

“बाप कायले काढून राहिली? पोरगी सासरी चालली अन् कवितेत बापच नाही. मग आशीर्वाद कोणाचा?”

“ऐकणाऱ्याला कळेल,” प्रेरणा म्हणाली.

फिजिक्सवालीला कविता दाखवली हीच चूक झाली, असं तो आईला ऐकवून आला. निर्मलाबाई ईश्वरदासांना पेज भरवत होत्या, हनुवटीवरून ओघळलेली पुसत होत्या. प्रेरणानं त्यांच्या हातून वाटी घेतली, तुम्ही पाहुण्यांकडे बघा म्हणाली आणि खोलीचं दार लोटलं. त्या दिवशी पेज संपायला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्या. हेमेंद्र कागद घेऊन माइककडे निघाला, पण माइक प्रेरणानं आधीच उचलला होता. ती त्याच्यासमोरून पुढे गेली आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी वाकली.

ईश्वरदासांनी गमछा खाली घेतला.

“हसत जा गं तू लेकी,
दरेकसा तुझं घर;
इथलं दार उघडं
अंजू, तुझ्याच खातर.”

शब्द न् शब्द मांडवाच्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू गेला. लकव्यापासून त्यांचे ओठ एकमेकांना टेकत नव्हते. या चार ओळींत ते कुठेच टेकवावे लागत नाहीत.