झाडाखालची माणसं

हातोडी घेऊन ओटिम पुन्हा समोर येऊन उभा राहिला. “मॅडम, मागची भिंत काढू का?”

“काढलीस तर नापास,” लाकेर म्हणाली. नेपथ्याची अंतिम परीक्षा होती. खोलीला तीन भिंती आणि चौथी बाजू प्रेक्षकांकडे, हेच ती लंडनहून शिकून आल्यापासून युगांडातल्या विद्यापीठात शिकवत आली होती. यंदा मुलांच्या हट्टापायी नाटक तिच्या गावी आणलं, तर गावातली वडीलधारी मंडळी रंगमंचाच्या मागे झाडाखाली जाऊन बसली. मोठी माणसंच पुढे येईनात, म्हणून समोरच्या खुर्च्यांवरही कुणी बसेना.

बराच वेळ येरझाऱ्या घालून शेवटी लाकेर स्वतःच त्यांना बोलवायला गेली. “काका, पुढे चला. इथून काही दिसणार नाही.”

“आम्ही कायम इथंच बसतो, पोरी,” काका शांतपणे म्हणाले. “तुझं घरच आमच्याकडे पाठ करून उभं आहे. आमचं काही चुकलं का?”

लाकेर चपापली. याच झाडाखालच्या मोठ्यांकडे पाठ करून बसली म्हणून लहानपणी तिने आजोबांचा मार खाल्ला होता. तिने वळून पाहिलं. विद्यापीठात वाहवा मिळवलेली ती देखणी खोली इथून म्हणजे नुसत्या फळ्या आणि बाहेर आलेले खिळे.

ती तरातरा परत गेली आणि ओटिमच्या हातातून हातोडी घेतली.

“आणि नापास, मॅडम?”

“ते मी झाले,” पहिला खिळा उपटत ती म्हणाली. “तू भिंत धर.”