बसायच्या बेतात

लेकीला उद्या वर्गात ‘अबाउट टू’ची तीन वाक्यं म्हणून दाखवायची होती, तीही घरातल्याच माणसांवर. धाकट्याला खांद्यावर थोपटत मी एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत होते.

“अबाउट टू म्हणजे अगदी करायच्या बेतात असणं,” मी म्हटलं. “हं, कर बघू वाक्य.”

“माय मदर इज अबाउट टू सिट. माय मदर इज अबाउट टू ड्रिंक टी. माय मदर इज अबाउट टू वॉश हर हेअर.”

सोफ्यावर पाय पसरून बसलेला नवरा खो खो हसला. “वा गं ठमे! आता एक माझ्यावर होऊन जाऊ दे.”

तिने त्याला नीट न्याहाळलं. “बाबा, तुझ्यावर नाही होत. तू बसायच्या बेतात कधी नसतोसच. बसलेलाच असतोस.”

हसू गिळून तो उठला. धाकट्याला माझ्याकडून घेतलं आणि माझा निवलेला चहा गरम करून हातात आणून दिला. मी भिंतीला टेकून बसले. पहिला घोट घेते न घेते तोच लेक रडवेली होऊन माझा हात ओढायला लागली.

“आई, ऊठ ना गं! बाईंनी खरीच वाक्यं आणायला सांगितलीत!”