पाच मिनिटांची फेरी

ओचकारणाऱ्या बोक्याला डॉक्टरकडे कोणी न्यायचं, यावरून जावईबापू आणि सासूबाईंची पैज लागली. टीव्हीवरच्या नव्या व्हिडिओ गेममध्ये निरनिराळ्या गेमांतले हिरो एकमेकांशी भिडायचे. पण त्याआधी पाच मिनिटं ज्यानं त्यानं आपापल्या भुयारात हिंडून ताकद, वेग, चिलखत, जे सापडेल ते गोळा करायचं. हरेल त्यानं बोका न्यायचा.

जावईबापू भुयारात असे शिरले, की एकही पेटी सोडली नाही. सासूबाईंचा हिरो मात्र दाराशी खांबासारखा उभा. त्या स्वतः कंट्रोलर सोफ्यावर टाकून कधीच उठून गेल्या होत्या.

"सासूबाई, बोक्याची टोपली शोधायला गेलात वाटतं!" जावईबापू खो-खो हसले. त्यांच्या कंट्रोलरवर लाल दिवा कधीचा लुकलुकत होता, पण भान कुणाला होतं?

लढाई सुरू होताहोता सासूबाई परत येऊन बसल्या. जावईबापूंच्या डोंगराएवढ्या हिरोनं मूठ उगारली आणि तो तसाच थिजला. कंट्रोलरचे सेल संपले! सासूबाईंचा मरतुकडा हिरो त्याला एकेक टपली मारू लागला. जावईबापूंनी धावत जाऊन टीव्हीचा रिमोट उघडला, तो रिकामा. टॉर्च रिकामी. भिंतीवरचं घड्याळसुद्धा बंद पडलेलं.

 

"शोधू नका, जावईबापू," मांडीवरच्या डब्यात सेल खुळखुळवत सासूबाई म्हणाल्या, "पाच मिनिटं मीही घरभर हिंडलेय."