अर्ध्या बोटाचा थर

“आता सोडा हात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दोघांनीही.”

आईने सोडला. बापाला मात्र आपली बोटं एकेक करून सोडवावी लागली. साडेतीन वर्षांची भिंगरी खोलीच्या मधोमध, नव्याकोऱ्या लाल बुटांत, कशालाही न धरता उभी राहिली. खुब्याचं ऑपरेशन, मग अडीच महिने कमरेपासून खाली प्लास्टर, मग निजून व्यायाम, मग दांड्यांना लोंबकळत चार पावलं. डावा पाय उजव्याच्या बरोबरीला आला की नाही, ते आज दिसणार होतं.

बापाला सकाळपासून दम नव्हता. शर्टाची बटणं दोनदा वरखाली लावून झाली. दवाखान्याच्या पायऱ्या तो लेकीला कडेवर घेऊन दोन-दोन करत चढला. “अहो, ऑपरेशन तिचं झालंय, उड्या तुम्ही काय मारताय?” बायको म्हणाली. पण तो कुठला ऐकायला! बूट त्याने स्वतः बनवले होते. बूट बनवणं हा त्याचा धंदाच. तरी या जोडावर तो तीन दिवस बसला होता, येईल त्या गिऱ्हाइकाला ‘परवा या’ म्हणून वाटेला लावत.

भिंगरी उभी राहिली आणि उजवीकडे कलली.

“नीट उभी राहा बघू, शहाणी माझी,” आई म्हणाली.

ती सावरली आणि पुन्हा कलली. पाऊल टाकायला गेली तर हेलकावलीच. डॉक्टरीणबाईंनी तिला वरच्यावर धरलं.

“बाबा, फरशी वाकडी आहे,” भिंगरीने तक्रार केली.

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी कालचा एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. “सांधा जागेवर आहे,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “मग असं का व्हावं?”

प्लास्टरच्या आत खाज सुटली की पोर रडायची, आणि बाप पुठ्ठ्याने वरून वारा घालत सांगायचा, थोडे दिवस गं, मग तू धावशील. आता तिला काय सांगायचं? तो खाली बसला आणि तिला मांडीवर घेतलं. काहीतरी करायला हवं, निदान पाय चोळावा, म्हणून त्याने डावा बूट काढला. काढताना अंगठा बुटाच्या आत गेला.

तो थबकला. बुटाचा तळ त्याने चिमटीत धरून पाहिला. मग उजव्या बुटाचा पाहिला. मग पुन्हा डाव्याचा.

“काय झालं?” बायको पुढे सरकली.

“थर!” तो ओरडला. “मी थर घातलाय!”

ऑपरेशनच्या आधी लेकीचा डावा पाय अर्ध्या बोटाने आखूड होता. ती चालायला लागल्यापासून तिच्या प्रत्येक डाव्या बुटात तो बुचाचा अर्ध्या बोटाचा थर घालत आला होता, आणि तोही अस्तराखाली असा दडवून, की कुणाच्या नजरेला पडू नये. हाताला ती सवयच लागली होती. या जोडातही हाताने त्याला न विचारता थर घालून टाकला होता.

“मी चुकलो, बाई! साफ चुकलो! बूट बिघडवला मी!” तो डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा सांगत सुटला. आपलं काम बिघडल्याचा एवढा आनंद कुठल्या कारागिराला झाला नसेल.

“अहो, मग दुसराही काढा की!” डॉक्टरीणबाईही ओरडल्याच.

भिंगरी अनवाणी उभी राहिली. कंबर सरळ, खांदे सरळ. आईने तोंडावर हात दाबून धरला. बापाने एक डोळा मिटून, बूट जोखताना बघावं तसं, लेकीला पुढून बघितलं, मागून बघितलं. नाव ठेवायला जागा नव्हती.

“माझे बूट,” भिंगरीने हात पुढे केला.

“देतो! आत्ता देतो!”

डॉक्टरीणबाईंनी कपाटातून एक ब्लेड काढलं. “मी कापू?”

“नको, नको. तुमचं काम तुम्ही चोख केलंत. हे माझं राहिलंय.”

खोलीत उजेड कमी, म्हणून तो ब्लेड घेऊन बाहेरच्या खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला. त्याने अस्तराची शिवण एकेक टाका मोजावा तशी उसवायला घेतली. मान खाली. दुकानातही तो असाच बसायचा, आणि कोण आलं ते वर न बघता पावलांवरून ओळखायचा. भिंगरीची पावलं तर गर्दीतही कळायची. एक थप, आणि मागोमाग एक फरफट.

बुचाचा थर सुटला. तो त्याने खिशात टाकला आणि अस्तर पुन्हा बसवू लागला.

कुणाचं तरी पोर येत होतं. थप, थप, थप. हळू, पण सारखी पावलं. बापाने मान वर न करताच आपले पाय बाकाखाली ओढून घेतले, पोराला वाट मोकळी हवी म्हणून.

पावलं त्याच्या पुढ्यात येऊन थांबली.

“बाबा,” भिंगरी म्हणाली, “झाला का?”