डबीतलाच खेळ हवा

दुकानदारानं डिस्कवर तोंडाची वाफ सोडली, शर्टाच्या टोकानं पुसली आणि ट्यूबखाली तिरकी धरली.

"हिच्यात आता जीव नाही, ताई. चरे बघा. कुणी घासणीनं घासल्यासारखे."

"मग दुसरी द्या. हाच बागेचा खेळ." बाई काउंटरला तिरकी उभी होती. तशी उभी राहिली की काचेचं दार डोळ्यांसमोर राहायचं.

"ही डिस्क आता कुठे मिळत नाही. याचा दुसरा भाग आहे, पण तो डबीत आलाच नाही. नुसतं डाउनलोड. माझंच बघा ना, निम्म्या डब्या रिकाम्या आहेत. शोभेला ठेवल्यात."

"मला डबीतलाच खेळ हवा. नेट नको."

"लोक तर उलटं मागतात."

दारावरची घंटी किणकिणली. बाईनं सोबतच्या मुलीला खांद्याला धरून मागे ओढलं. पार्सलवाला होता. खोकं ठेवून, सही घेऊन गेला. बाईचा हात मात्र मुलीच्या खांद्यावरून निघाला नाही.

दुकानदारानं ते पाहिलं. आवाज खाली आणत म्हणाला, "घरचं कुणी मागावर आहे का?"

मुलीच्या स्वेटरचं वरचं बटण लागलेलंच होतं, ते बाईनं काढून पुन्हा लावलं.

"माझी बहीण अशीच आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. मी काही विचारत नाही."

"डिस्कला कळत नाही ना, कोण खेळतंय ते?"

"छे. डिस्क बिचारी मुकी. कुणाच्याही घरात घाला, चालते. डाउनलोडचं तसं नाही. तिथे आधी नाव सांगायचं, मग खेळायचं."

"म्हणूनच नको."

मुलगी काउंटरवर हनुवटी टेकून मेलेल्या डिस्ककडे बघत होती. असेल आठेक वर्षांची. केस घरीच कापलेले, एका कानावर जरा जास्तच. डिस्क अडकायला लागल्यापासून ती धड जेवत नव्हती. रडणं नाही, हट्ट नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. शिवणाचं मशीन थांबवून बाई त्या एवढ्याशा पाठीकडे बघत बसायची.

"राणी, दुसरा कुठला घेऊया का?"

मुलीनं जरा उशिरानंच वर पाहिलं. नवं नाव अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

"दुसरा नको. बागच हवी."

"मग नवं खातं काढू," दुकानदार म्हणाला. "नाव खोटं, जन्मतारीख खोटी, नेट माझं. इथेच उतरवून देतो. घरी नेट न लावता खेळू दे. कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही." मग त्यानं जीभ चावली. "म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं मला."

बाई पहिल्यांदाच हसली. पिशवीतून कन्सोल काढून तिनं काउंटरवर ठेवला.

तो दुकानातल्या टीव्हीला जोडता जोडता दुकानदार म्हणाला, "डोळे बाकी तुमचे नाहीत हिचे. वडिलांवर गेलीय वाटतं."

"तो विषय नको."

"बरं बरं." त्यानं रिमोट मुलीच्या हातात दिला. "आईला विचार, काय नाव टाकायचं."

मुलीनं चटकन दाराकडे पाहिलं. मग बाईकडे.

"काहीही टाक," बाई म्हणाली.

"मला येतं टाकता."

बाहेर एक पांढरी गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच. बाई दाराशी गेली आणि काचेवरच्या पोस्टरच्या आडून बघत राहिली. दुकानदारही मागे आला.

"तो रोजचाच आहे हो. समोरच्या दवाखान्यात बायकोला सोडतो. बसा, किती घाबराल."

त्यानं स्टूल दिलं. खेळ उतरायला बराच वेळ लागला. बाईच्या कपाळावरचा घाम वाळला, तळहात मात्र ओले ते ओलेच.

अखेर संगीत वाजलं. मुलगी पुढे सरकली.

दुकानदाराच्या कपाळाला आठी पडली. "नव्या खात्यात तर आधी रिकामी जमीन मिळते. हे घर कुठून आलं? बाळा, जुन्या खात्यात गेलीस का तू?"

"हो. हा माझाच आहे. आधीच घेतलेला," मुलगी म्हणाली. "याला डबी नव्हतीच. मग जुन्या घरी कसा राहील?"

"बंद करा," बाई म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "बंद करा ते."

दुकानदारानं हात पुढे केला आणि तसाच थांबला. "तुम्हाला येऊन किती दिवस झाले इकडे?"

"वर्ष होत आलं."

"मग ही झाडं मरायला हवी होती. यात पाणी घालावं लागतं."

पडद्यावरचे वाफे ओले होते. वेलींना आधाराच्या काठ्या होत्या. कुंपण कुणीतरी रंगवलं होतं. खिडकीत दिवा लागलेला होता.

घराचं दार उघडलं. पिवळा रुमाल बांधलेलं एक माणूस बाहेर आलं, दोन पावलं चाललं आणि त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं.

"तोच का?" दुकानदार कुजबुजला.

बाई उठली तसं स्टूल पडलं. ती वायर चाचपत होती. प्लग सापडत नव्हता.

पिवळ्या रुमालाच्या डोक्यावर अक्षरं उमटली.

भिंगरी? तूच आहेस ना? मी रोज येऊन पाणी घालते.

मुलीनं ओठ हलवत, शब्द लावून वाचलं. मग ती बाईकडे वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तू तर म्हणाली होतीस, आई देवाघरी गेली."