पदरचे नऊ दिवस

"हे शीतगृह तुम्हाला कुणी दाखवलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

लेखिकेने आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. धाकटी झोपली होती. अंग जड झालंय म्हणत तिने आज शाळेला दांडी मारली होती. मग लेखिका त्याच्यासमोर येऊन बसली.

"कुणीही नाही. माझं मीच शोधलं."

टेबलावर तिच्या नव्या कादंबरीचं बाड होतं. शीतगृहाखाली दडवलेली प्रयोगशाळा, तिथून झिरपणारा वायू आणि एकेक करून आजारी पडणारी माणसं, असा तो विज्ञानथरार होता. असल्या विषयावरचं पुस्तक छापण्याआधी सरकारी खात्याची सही लागे. ती सही अडली होती आणि आज खात्याचा माणूसच घरी येऊन बसला होता. तीन वर्षं या पुस्तकापायी ती ना धड झोपली होती, ना नवऱ्याशी धड बोलली होती. या सद्गृहस्थांनी मान हलवली नाही, तर सगळ्यावर पाणी.

"प्रयोगशाळा म्हटली की वीज आली," ती समजावू लागली. "एवढी वीज खाऊनही कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी जागा कोणती? शीतगृह. दिवसभर ट्रक लागले तरी आत काय आहे, असं कुणी विचारत नाही."

"आणि कामगारांचे कपडे आतच धुतात, बाहेर देत नाहीत, हे?"

"नवऱ्याचे शर्ट मी धुते. त्याचा दिवस कसा गेला, ते कॉलर सांगते. धोब्याला कळतं ते हेराला कळणार नाही होय?"

अधिकारी हसला नाही. त्याने पानाच्या कडेला केलेली शंकेची एक खूण खोडली.

"लोकांना वाटतं, भन्नाट यंत्र दाखवलं की वाचकाचा विश्वास बसतो. डोंबल." ती आता रंगात आली होती. "यंत्र काय, कुणीही दाखवतं. कचरा कोण उचलतं, जेवणाच्या सुट्टीत कोण कुणावर डाफरतं, हे लिहिलं की जग उभं राहतं."

"म्हणजे आतल्या कुणी माहिती पुरवलेली नाही."

"शपथेवर सांगते."

तो एकेक पान उलटत, एकेक खूण खोडत गेला. तिच्या जिवात जीव आला. चहा ठेवावा का, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"एकच राहिलं," तो म्हणाला. "चौथं प्रकरण तुम्ही परवा बदलून पाठवलंत. आधी आजारी माणूस खोकत होता. आता त्याला मीठ गोड लागतं, आणि नवव्या दिवशी तो मरतो. हे कुठून आलं?"

लेखिका खुशीत हसली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं तिला कधीचं वाटत होतं.

"खोकला सगळेच लिहितात हो. माझा एक नियम आहे. दहा गोष्टी पदरच्या घातल्या की अकरावी घरातली खरी घालायची. तिच्या जिवावर बाकीच्या दहा खपतात. नऊ दिवस पदरचे. मीठ घरचं."

"घरचं म्हणजे?"

"आमची धाकटी. जेवताना हटूनच बसली, मीठ गोड लागतंय म्हणून. आम्ही दोघांनी चाखून पाहिलं, चांगलं खारट होतं. डॉक्टर म्हणाले, तोंड आलं असेल, जाईल आपोआप. मी म्हटलं, कार्टीने आईला फुकटात प्रकरण दिलं."

अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं.

"ती खेळायला कुठे जाते?"

"शीतगृहामागच्या मैदानावर. तिला आणायला जाते ना मी, तेव्हाच तर ती जागा नजरेत भरली."

"आणि मीठ गोड लागतंय असं कधीपासून म्हणतेय?"

तिने बोटांवर मोजलं. "आज सहावा दिवस. का हो?"

तो उठून उभा राहिला. काही क्षण त्याला तिच्याकडे बघवेना.

"बाई, तुमचं बाकी सगळं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त नऊ नाही. सहा."