झुबीदामावशींची वही

ओरान शहराच्या विद्यापीठात रहस्यकथा शिकवणाऱ्या लमीन सरांनी तपासलेल्या वह्या वाटून टाकल्या. एक मात्र हाताखालीच ठेवली. पोरं पांगली. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या, बासष्ट वर्षांच्या झुबीदामावशी पहिल्या बाकावर बसून राहिल्या.

"मावशी, आमच्या गोष्टींतलेही खुनी शोधून द्या हं!" दारातून एक पोरगी ओरडून गेली. त्या हसल्या.

"मी गोष्ट रचायला सांगितली होती," सर म्हणाले.

वहीत १९९५ सालची तारीख होती. पांढऱ्या गाडीचा नंबर होता. पाव आणायला खाली उतरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याला गाडीत कोंबणारे चार गणवेशवाले, बघणारे पाच शेजारी, त्यांचे जबाब. मुलाचं पुढे काय झालं, ते सांगणारं शेवटचं प्रकरण नव्हतं.

"रचली नाही, सर. माझा मुलगा नसीम आहे तो."

सरांनी विचारलं, "मग माझ्या वर्गात कशाला आलात?"

"वकिलांकडे जाऊन झालं, साहेबांकडे जाऊन झालं. सगळे म्हणतात, विसरा आता. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, उत्तर पानांतच असतं, वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. म्हटलं, माझ्याही नजरेतून काही निसटलं असेल. तुम्ही तर शेकडो रहस्यकथा वाचल्यात. मार्क देऊ नका हवं तर. कुठे चुकले, तेवढं सांगा."

शुक्रवारच्या सुट्टीचा अख्खा दिवस सरांनी त्या वहीत घातला होता. जबाब एकमेकांशी ताडून पाहिले, शहराचा नकाशा पसरून गाडीची वाट शोधली. वीस वर्षं जे शिकवलं ते सगळं पणाला लावलं. हाती काही लागलं नाही. काहीतरी आशेचं बोलावं, असं आत्ता जिभेवर आलं. पण मावशी दुसरी वही आणि पेन काढून लिहून घ्यायला बसल्या होत्या. सरांनी ते शब्द गिळले.

"मावशी, तुम्ही कुठेच चुकला नाहीत. एकही दुवा सुटलेला नाही."

धीर द्यायलाच म्हणाले होते ते.

"एकही नाही? नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

मावशींनी पेनाला टोपण लावलं. ते पहिल्यांदा बसलंच नाही.

"इतकी वर्षं वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय," त्या म्हणाल्या. "चूक असती, तर सुधारता आली असती हो."